घोड्यावरची मांड आणि कमरेचा सेन्सर

दादा, तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: लेक 14 वर्षांची, दीड वर्षापासून कोल्हापुरात घोडेस्वारी शिकतेय. कदम चालीत छान बसते, पण दुडकी सुरू झाली की पुढे झुकते, पाय पुढे जातात आणि उजवा खांदा खाली पडतो. शिक्षक रोज "सरळ बस" म्हणतात, दोन मिनिटं फरक पडतो, मग पुन्हा तेच. तुम्ही ऑनलाइन दोन वस्तू पाहिल्यात. एक मानेखाली पाठीला चिकटवायची, वाकलं की थरथरते. दुसरी कमरेच्या पट्ट्यात बसवायची, ती फोनवर आलेख दाखवते. कोणती घ्यावी, की काहीच घेऊ नये?

मी 22 वर्षं घोडेस्वारी शिकवते आणि गेली सहा वर्षं अशी यंत्रं माझ्या विद्यार्थ्यांच्या अंगावर बांधून पाहतेय. पाठीला चिकटवायची वस्तू घेऊ नका. कमरेचा सेन्सर खरोखर कामाचा आहे, पण तो तुमच्या लेकीच्या तक्रारींवरचा पहिला उपाय नाही, आणि घेतलात तरी तो रोज बांधायचा नसतो.

आपल्या भाषेत घोड्यावर बसण्याला फार नेमका शब्द आहे: मांड. मांड ठोकायची, मांड पक्की करायची, मांड सुटली की स्वार पडला. शब्द मांडीशी नातं सांगतो, खांद्याशी नाही, आणि शरीरशास्त्रही तेच सांगतं. पाटावर बसल्यावर जी दोन हाडं टोचतात त्यांच्यावर, कमरेच्या कड्यावर आणि मांड्यांवर स्वार तोललेला असतो. पाठ, खांदे, मान हे त्याच्यावर उभं राहिलेलं बांधकाम. तालमीत वस्ताद नवीन पोराचा पवित्रा दुरुस्त करतात तेव्हा आधी पावलांतलं अंतर आणि कंबर बघतात, खांदे आपोआप जागेवर येतात. घोड्यावर मात्र आपण वरून सुरुवात करतो, कारण खांदा लांबून दिसतो आणि कंबर कपड्यांत लपते. पाठीला चिकटवायचं यंत्र हीच चूक बॅटरीवर करतं.

त्यात आणखी एक अडचण आहे. ही यंत्रं मुळात खुर्चीत बसून काम करणाऱ्यांसाठी बनलेली असतात. आत प्रवेगमापक, म्हणजे अ‍ॅक्सेलेरोमीटर असतो. माणूस स्थिर असला की त्याला फक्त गुरुत्वाकर्षण जाणवतं, आणि 'खाली' कुठे आहे यावरून पाठ किती वाकली ते तो ओळखतो. खुर्चीत हे उत्तम चालतं. आता दुडकी घ्या. तिरके दोन पाय एकत्र टेकतात, मग क्षणभर चारही पाय हवेत, मग दुसरी तिरकी जोडी. मिनिटाला साधारण 75 ते 80 पावलांचे पूर्ण फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात घोड्याची पाठ दोनदा वर-खाली होते. म्हणजे सेकंदाला अडीच वेळा तुमची लेक वर फेकली जाते आणि खाली येते. हवेत असताना यंत्राला वजन जवळजवळ जाणवतच नाही, खाली येताना दुप्पट जाणवतं. त्या गोंधळात निव्वळ प्रवेगमापकाला 'खाली' कुठे आहे हेच कळत नाही. सरळ बसलेल्या मुलीच्या पाठीवरही तो थरथरतो, आणि कधी वाकलेलीला सोडून देतो.

कमरेच्या चांगल्या सेन्सरमध्ये म्हणूनच जायरोस्कोपही असतो. तो फिरण्याचा वेग मोजतो, आणि दोन्ही माहिती एकत्र करून कोन काढला जातो. घेण्यापूर्वी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: आत जायरोस्कोप आहे का, आणि सेकंदाला किती वेळा मोजतो. निदान 50 वेळा तरी हवं. अडीच उड्यांचा आकार नीट दिसायला तेवढे ठिपके लागतात. काही सेन्सरमध्ये दिशा ओळखायला होकायंत्रासारखा चुंबकी भागही असतो. लोखंडी कठड्याजवळून गेलं की तो भरकटतो, तेव्हा वळणांच्या आकड्यांवर फार विसंबू नका.

थरथरणाऱ्या यंत्राने होणारं नुकसान माझ्या हातून झालंय, म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्याकडची एक गुणी मुलगी पोक काढून बसायची. मी तिला तसलं यंत्र लावलं. आठवड्यात पोक गेला आणि मला फार आनंद झाला. पण यंत्र गप्प ठेवण्यासाठी तिने पाठीचा कणा खालपासून वरपर्यंत आवळून धरला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. आधी घोडीच्या लक्षात आलं. दुडकीत ती पाठ खाली दाबायला लागली, मान वर काढायला लागली, खोगीर चढवताना कान मागे टाकायला लागली. स्वाराचा भार घोड्याच्या पाठीवर कदम चालीत साधारण वजनाएवढा येतो, दुडकीत बसून राहिलं तर तो क्षणाक्षणाला सुमारे दुप्पट होतो. मऊ कंबर तो भार झेलते. आवळलेली कंबर तो हातोड्यासारखा आपटते. ती घोडी बोलू शकत असती तर पहिल्याच दिवशी बोलली असती. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून चालू घोड्यावर थरथरणारं काहीही मी मुलांच्या अंगावर लावत नाही.

म्हणजे मोजायचं काय, हा खरा प्रश्न आहे. 'किती कमी हललं' हे मोजायचंच नाही. चांगल्या स्वाराची कंबर भरपूर हलते: घोड्याची पाठ वर-खाली होते तशी ती किंचित मागे-पुढे वळते. म्हणूनच त्याचं डोकं स्थिर दिसतं. नवशिक्याचं उलट असतं, कंबर घट्ट आणि डोकं डुगडुगतं. दोन सेन्सर मिळाले तर एक माकडहाडाच्या वर, कमरेच्या मागच्या सपाट हाडावर, आणि दुसरा छातीच्या हाडावर लावा. खालचा हलतोय आणि वरचा शांत आहे, असं दिसलं की समजायचं मांड बसतेय. एकच असेल तर तो कमरेला. त्यावर मी दोनच गोष्टी बघते. एक, कंबर डावी-उजवीकडे किती कलते आणि दोन्ही हातांच्या, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे वळणाऱ्या, वर्तुळांत तोच कल राहतो का. दुसरी, वेळ: घोडा उसळतो त्याच क्षणी कंबर वळते, की नंतर? शिकाऊ स्वार नेहमी घोड्याच्या मागून येतो. तो उशीर आलेखावर डोळ्यांपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो, आणि माझ्या मते या सेन्सरची खरी किंमत तिथेच वसूल होते.

आता तुमच्या लेकीचा उजवा खांदा. तो मी पाहिलेला नाही, पण असे खांदे खूप पाहिलेत. घोड्यावर आपण कायम डावीकडून चढतो. डाव्या रिकिबीत पाय, सगळं वजन त्या एका चामडी पट्ट्यावर. दोन-तीन वर्षांत डावा पट्टा ताणून लांब होतो. भोकं दोन्हीकडे सारखीच मोजलेली असतात, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. डावी रिकीब खाली गेली की पाय ती शोधत खाली जातो आणि डावा खुबा उतरतो. डोकं मधे ठेवायचं तर कणा उलट बाजूला वाकणार. मग उजव्या कुशीत घडी पडते आणि उजवा खांदा खाली येतो. वरून पाहणारा ओरडतो, "उजवा खांदा उचल." मुलगी उचलते, कारण ती आज्ञाधारक आहे, आणि अर्ध्या फेरीत तो पुन्हा पडतो, कारण बिघाड डाव्या पट्ट्यात आहे. कमरेचा सेन्सर इथे खरं बोलतो, तो कल डावीकडे दाखवतो. पाठीवरचा उजवीकडे दाखवेल. उपाय म्हणाल तर पट्टे दर पंधरा दिवसांनी आपसात बदलायचे आणि चढताना ओटा किंवा पायरी वापरायची. ओट्यावरून चढल्याने घोड्याच्या पाठीलाही सुख मिळतं.

पाय पुढे जाणं आणि धड पुढे झुकणं हे बहुतेक वेळा एकाच दुखण्याचं जोडपं असतं. खुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे गेले की स्वार तोलाच्या मागे पडतो, आणि न पडण्यासाठी धड पुढे टाकतो. अशा वेळी आधी खोगीर बघा. खोगिराचा सगळ्यात खोल भाग मधे हवा. पुढची बाजू घोड्याच्या खांद्यावर चढलेली असेल किंवा मागची गादी चेपलेली असेल, तर तो खोल भाग मागे सरकतो आणि मूल घसरगुंडीवर बसल्यासारखं मागे जातं. खोगीर नुसतं घोड्यावर ठेवून, तंग (घोड्याच्या पोटाखालचा पट्टा) न आवळता, बाजूने पाहिलं तरी हे कळतं. मधल्या खोलगट भागावर एक पेन्सिल ठेवा आणि ती कुठे जाऊन थांबते ते बघा. दुसरं, लेक 14 वर्षांची आहे. या वयात पाय भराभर लांब होतात आणि रिकीब मात्र मागच्या वर्षीच्या भोकावर राहते. आखूड रिकिबीत गुडघा वर येतो, आणि खोल बैठकीच्या खोगिरात त्या गुडघ्याला जागाच नसते. रिकीब सोडून पाय लोंबते ठेवले की रिकिबीची पाऊल टेकायची पट्टी घोट्याच्या हाडाशी यायला हवी. हे दर दोन महिन्यांनी तपासा.

शाळेचं दप्तर ती एकाच खांद्यावर टाकते का, हेही बघा. आणि घोडा बघा. मागच्या एका पायाने घोडा किंचित जरी लंगडत असेल तरी खोगीर एका बाजूला सरकतं आणि स्वार त्याच्याबरोबर कलतो. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत पुण्या-मुंबईच्या शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे असतात. धावण्याच्या वर्षांतल्या जुन्या दुखापती ते पायांत घेऊन येतात आणि बिचारे कुरकुर न करता चालतात. लेकीला दोन वेगवेगळ्या घोड्यांवर बसवून पाहा. एकावर खांदा पडतो आणि दुसऱ्यावर नाही, तर दोष पोरीचा नाही. त्या घोड्याला पशुवैद्य हवा, आणि ही गोष्ट शिक्षकांना आधी सांगा.

बाजारात 'घोडेस्वारीचा सेन्सर' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं स्वाराला मोजतच नाही. इक्वेस्टिक कंपनीची क्लिप खोगिराला लागते आणि घोड्याची लय, डाव्या-उजव्या पावलांतली समानता, कुठल्या चालीत किती वेळ गेला हे सांगते. सीव्हर कंपनीचं यंत्र तंगावर बसतं आणि घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजतं. ही चांगली यंत्रं आहेत, पण तुमच्या लेकीच्या पाठीबद्दल ती काही बोलणार नाहीत. खोगिराखाली अंथरायच्या दाब मोजणाऱ्या चटया असतात, म्युनिकच्या नॉवेल कंपनीची प्लायन्स ही त्यातली नावाजलेली. त्या संशोधकांच्या आणि खोगीर बसवणाऱ्या तज्ज्ञांच्या कामाच्या, घरगुती नाहीत. हवेची पिशवी फुगणारी जाकिटं पडल्यावर छाती-पाठ वाचवतात, बसणं सुधारत नाहीत. पण डोक्यावर नीट बसणारं हेल्मेट नसेल तर या सगळ्या खर्चाआधी ते घ्या.

शिवाय ही बहुतेक यंत्रं युरोपातल्या घोड्यांवर घडलेली आहेत. त्यांना कदम, दुडकी आणि कँटर (दुडकीपुढची धावती चाल) या तीन चाली ओळखता येतात. आपल्याकडे मारवाडी, काठियावाडी घोडे आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना रवाल चाल उपजत असते किंवा शिकवलेली असते. सारंगखेड्याच्या बाजारात तर रवाल चालणाऱ्या घोड्याला वेगळाच भाव. त्या चालीत एकाच बाजूचे पाय जवळजवळ जोडीने पडतात, उसळी फार कमी आणि आजूबाजूचा झोका जास्त. यंत्र त्याला कधी दुडकी समजतं, कधी कदम, आणि मग 'तुमची कंबर फार डुलते' असा शेरा मारतं. कंबर डुलायलाच हवी, चालच तशी आहे. लेक अशा घोड्यावर शिकत असेल तर चालींचे आपोआप पडलेले शिक्के बाजूला ठेवा आणि फक्त कच्चा आलेख बघा.

सेन्सर घेतलात तर मी वापरते ती पद्धत अशी. आठवड्यातून एकदाच, तोही दहा मिनिटं. आधी घोडा उभा असताना मुलीला सरळ बसवून शून्य ठरवायचं, नाहीतर पट्टा तिरका बांधला गेला तर सगळेच आकडे तिरके येतात. मग डाव्या हाताची तीन वर्तुळं, उजव्या हाताची तीन, आधी कदम आणि मग दुडकी. आवाज, थरथर, सगळ्या सूचना बंद. संपल्यावर फोन लगेच दाखवायचा नाही. आधी तिला विचारायचं, "तुला काय वाटलं? कुठल्या हाडावर जास्त भार होता? कुठल्या वर्तुळात अवघड गेलं?" तिला उत्तर शोधू द्यायचं, मग आलेख उघडायचा. प्रत्येक क्षणी बाहेरून सूचना मिळत राहिली तर शरीर आतून ऐकायला शिकत नाही, आणि यंत्र काढलं की सुधारणाही जाते. स्वतःचा अंदाज आणि आलेख यांतलं अंतर महिन्यागणिक कमी होतंय का, हे मी वहीत लिहून ठेवते. तो अंदाज जुळायला लागला की मी सेन्सर काढून ठेवते.

कोल्हापूरच्या हवेबद्दल थोडं. मे महिन्यात घामाने चिकटपट्टी अर्ध्या तासात सुटते, आणि पावसाळ्यात जून ते सप्टेंबर लवचिक पट्टा ओला होऊन खाली सरकतो. दोन बोटं जरी सरकला तरी कोन बदलतो. मी चप्पल लाईनच्या एका कारागिराकडून मऊ चामड्याची छोटी पिशवी शिवून घेतली आहे, ती पँटच्या पट्ट्यात घट्ट बसते आणि तीन पावसाळे टिकली. फोन कठड्यावर ठेवू नका. ब्लूटूथ साधारण दहा मीटरपर्यंतच भरवशाचं असतं आणि मधे माणसाचं शरीर आलं की तेही तुटतं. आतच नोंद साठवणारा सेन्सर घ्या. चामड्याचा विषय निघालाच आहे तर, कोल्हापुरी घालून घोड्यावर बसू देऊ नका, फेरीपुरतं सुद्धा. चपलेला टाच नसल्यामुळे पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ शकतं, आणि पडताना पाय अडकला तर घोडा फरफटत नेतो. आणि कुठलंही नवीन यंत्र अंगावर बांधून थेट स्वार होऊ नका. आधी घोड्याला वास घेऊ द्या, जमिनीवर उभं राहून ते चालू करून दाखवा. एकदा फोनच्या एका 'टिंग' आवाजाने माझी तरुण काठियावाडी घोडी दोन हात बाजूला उडाली होती. स्वार अनुभवी होता म्हणून निभावलं.

पण यातलं काहीही घेण्याआधी घरात आहे त्यावर बघा. रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लेकीच्या कानाखाली हेल्मेटच्या पट्ट्यावर, खांद्याच्या टोकावर, खुब्यावर आणि टाचेवर लावा. पाठीमागे कण्यावरून एक उभी पट्टी, कमरेवर एक आडवी. अंगाला बसणारा शर्ट हवा, सैल कुर्त्यात काही दिसत नाही. फोन तिच्या खुब्याच्या उंचीवर, आठ-दहा मीटरवर, तिपाईवर किंवा पोत्यावर पक्का ठेवा. सेकंदाला निदान 60 चित्रांवर चित्रण करा, फोनमध्ये 120 असेल तर आणखी बरं. एकदा बाजूने, एकदा बरोबर मागून, दोन्ही हातांना. नंतर चित्र थांबवताना घोडा फोनच्या नेमका समोर असतानाचंच थांबवा. तिरक्या चित्रात सरळ बसलेला माणूसही वाकडा दिसतो. बाजूच्या चित्रात कान, खांदा, खुबा, टाच एका उभ्या रेषेत येतात का ते बघा. उठत-बसत चालणाऱ्या दुडकीत मात्र धड किंचित पुढे असणं बरोबरच असतं, त्यावरून तिला रागावू नका. तिथे खुबा आणि टाच एका रेषेत असली की झालं. मागच्या चित्रात कमरेची आडवी पट्टी कुठे कलते ते आधी बघा, खांदा त्यानंतर.

येत्या रविवारी थोडं लवकर जा. मोतद्दारदादांना सांगून रिकिबीचे दोन्ही पट्टे खोगिरावरून काढून घ्या, वरून सारख्याच उंचीच्या दोन खिळ्यांना टांगा आणि तेच भोक लावून घरच्या शिवणाच्या टेपने मोजा. बोटभर जरी फरक निघाला तर पट्ट्यांची अदलाबदल करा आणि ओट्यावरून चढायची सवय लावा. मग तीन आठवडे थांबून पुन्हा तसंच चित्रण करा. तेव्हाही कमरेची पट्टी डावीकडे कललेली दिसली, तर कमरेचा सेन्सर मागवा. दोन्ही चित्रणं तेव्हा मला दाखवा, सोबत घोड्याचं वय आणि तो याआधी काय काम करत होता तेही लिहा.